डबल स्टँड

गेल्या वर्षी जूनच्या पहिल्या आठवड्यात, आभाळ भरून आलेलं असताना, मला माझी स्कूटर डबल स्टँडवर लावता आली नाही.

आमच्या सोसायटीचं पार्किंग अरुंद. साइड स्टँडवर गाडी कलती राहते, जागा खाते, म्हणून सगळ्यांनी डबल स्टँडच लावायचा असा ठराव आहे. १८ वर्षं मी ते रोज दोनदा करत आलेय. डावा हात हँडलवर, उजवा हात सीटच्या मागच्या कडीवर, उजव्या पायाने स्टँड खाली दाबायचा, त्याचे दोन्ही पाय जमिनीला नीट टेकले असं तळव्याला कळलं की अंगाचा भार त्या पायावर टाकायचा आणि त्याच क्षणी गाडी मागे-वर ओढायची. खट्ट आवाज येतो. त्या संध्याकाळी तो आलाच नाही. गाडी दोन इंच उचलली गेली आणि परत खाली बसली. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्या वेळी उजव्या हाताची बोटं कडीवरून सुटली. मी सोडली नव्हती, ती आपणहून उघडली. ते मला दिसलं आणि मी तशीच उभी राहिले.

वॉचमनकाका आले, त्यांनी एका दमात गाडी लावून दिली आणि म्हणाले, "ताई, बारीक झालात ना तुम्ही, म्हणून. पायाखाली वजनच पडत नाही." त्यांचं चुकीचं नव्हतं. डबल स्टँड हा तरफेचा खेळ आहे. पायावर जेवढं वजन पडेल तेवढी गाडी हलकी होते आणि माझं वजन ९ किलोने उतरलं होतं. पण बोटं का उघडली, याचं उत्तर त्यात नव्हतं.

हे ९ किलो मी कष्टाने उतरवले होते. आदल्या वर्षी जुलैत तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा ६.३ आला. मधुमेह नव्हे, पण त्याच्या उंबऱ्यावर. वय ५२, वजन ६८. डॉक्टर म्हणाले, "चाला. भरपूर चाला आणि रात्रीचं जेवण हलकं करा." मी दोन्ही मनापासून केलं. आम्ही पुण्यात सहकारनगरला राहतो, त्यामुळे तळजाईची टेकडी पायाखालची. पहाटे साडेपाचला निघायचं, वनविहारातून मोठा फेरा मारून परत. सुरुवातीला चालत, मग थोडं पळत, दिवाळीनंतर सलग पळत. शनिवार-रविवार पर्वती, १०३ पायऱ्या, तीनदा वर आणि तीनदा खाली. तळजाईच्या त्या सकाळींनी मला खूप दिलं. फेब्रुवारीत गिरिपुष्पाला पान नसतं, नुसती गुलाबी फुलं, आणि त्यातून कुठेतरी मोर ओरडतो. धाप लागलेली असताना तो आवाज ऐकला की आपण जिवंत आहोत हे अंगाला कळतं. हे मी आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे लिहिणार आहे ते चालण्या-पळण्याच्या विरोधात आहे असं कुणी समजू नये.

रात्रीचं जेवण म्हणजे टोमॅटोचं सार आणि काकडी. कधी मुगाचं पातळ कढण. सकाळची पोळी एकावर आली. दहा महिन्यांत काटा ५९वर आला, साखर ५.८ झाली. लक्ष्मीनगरच्या भाजीवालीपासून ऑफिसातल्या लिफ्टमनपर्यंत सगळे म्हणाले, "कसल्या बारीक झालात!" आणि मी खूश होते. काटा किती कमी झालं ते सांगत होता. काय कमी झालं, ते तो सांगत नव्हता आणि मीही कधी विचारलं नाही.

आईच्या गुडघ्यांसाठी ज्या फिजिओथेरपिस्टकडे आम्ही जायचो, तिलाच मी ती बोटांची गोष्ट सांगितली. तिने कपाटातून पकड मोजायचं यंत्र काढलं. हातात धरून जीव खाऊन आवळायचं आणि काटा किलोत वाचायचा. माझा १६ आला. आशियाई देशांतल्या तज्ज्ञांच्या गटाने २०१९मध्ये ठरवलेल्या निकषानुसार बाईची पकड १८ किलोच्या खाली गेली तर ती कमकुवत समजतात, पुरुषाची २८च्या खाली. मग तिने टेपने पोटरी मोजली, साडेचौतीस सेंटिमीटर. बाईला ३३च्या वर असली की ठीक. हाताची घडी छातीवर घालून खुर्चीतून पाच वेळा उठबस करायला लावली, मला ९ सेकंद लागले. १२च्या आत झालं की झालं.

"पाय छान आहेत हो तुमचे," ती म्हणाली. "टेकडीने राखलेत. हात, खांदे, पाठ... यांना दहा महिन्यांत काही काम दिलंत का?"

दिलं नव्हतं. याआधी घरातली वजनं थोडीफार मी उचलायची. मुलगा मोठा झाल्यावर पिठाचा डबा, सिलिंडर, पाण्याचे कॅन त्याच्याकडे गेले. आणि मी सकाळी रिकाम्या हातांनी पळत होते. शरीर कमी खाण्यात दिवस काढत होतं. अशा वेळी घरात जे होतं तेच शरीरात होतं: ज्याला रोजचं काम आहे त्याला पोसायचं, जे नुसतं बसून आहे त्याला हळूहळू कमी करायचं. माझ्या पोटऱ्या कामावर होत्या. दंड बसून होते. वर्षभरापूर्वीची माझी पकड कुणी मोजलेली नव्हती, त्यामुळे किती गेलं याचा हिशोब मला मांडता येणार नाही. पण कडीवरून सुटलेली बोटं मी पाहिली होती.

त्यानंतर मी वाचायला लागले. अमेरिकेत रॉबर्ट हिक्सन नावाचा संशोधक होता, स्वतः वजनं उचलणारा. सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात जॉन होलोझी यांच्या प्रयोगशाळेत तो दाखल झाला. होलोझी सहनशक्तीच्या व्यायामावरचे मोठे अभ्यासक, आणि रोज पळणारे. हिक्सन त्यांच्याबरोबर पळायला लागला आणि काही दिवसांत त्याला दिसलं की आपले कमावलेले स्नायू उतरताहेत. त्यातून जो प्रयोग उभा राहिला तो १९८०मध्ये छापून आला. एका गटाने फक्त वजनं उचलायची, दुसऱ्याने फक्त दमश्वासाचा व्यायाम, तिसऱ्याने दोन्ही. दहा आठवडे. दोन्ही करणाऱ्यांची ताकद सात-आठ आठवडे फक्त वजनं उचलणाऱ्यांसारखीच वाढली, मग थांबली आणि शेवटी उतरायला लागली. त्यांचा दमश्वास मात्र काही कमी पडला नाही. यावरून 'कार्डिओ (म्हणजे हाच दमश्वासाचा व्यायाम) स्नायू खातो' ही गोष्ट जिमजिममध्ये पोचली आणि अजून ती तिथेच आहे.

पेशीच्या आत त्याचं एक कारणही सांगतात. पळताना पेशीतली ऊर्जा घटते, तेव्हा एएमपीके नावाचं एक प्रथिन जागं होतं आणि खर्च आवरतं. वजन उचललं आणि पोटात प्रथिनं गेली की एमटॉर नावाची यंत्रणा बांधकाम काढते. तिजोरीत खडखडाट असताना कुणी वरचा मजला चढवायला घेत नाही, इतकं साधं ते आहे. पण हिक्सनच्या प्रयोगातली माणसं काय करत होती तेही बघायला हवं. आठवड्यातून पाच दिवस पायांची वजनं आणि सहा दिवस ४० मिनिटं जीव तोडून सायकल किंवा पळणं. तळजाईला फेरा मारणाऱ्या बाईचं हे वेळापत्रक नव्हे. अलीकडे अशा अनेक प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र करून पाहिले, तर बेताने दोन्ही करणाऱ्यांचे स्नायू त्यामुळे कमी वाढतात असं दिसत नाही. झटक्यात लावायच्या ताकदीवर, म्हणजे उडी किंवा झेप यांवर, थोडा परिणाम होतो, तोही मुख्यतः दोन्ही व्यायाम एकाच वेळी पाठोपाठ केले तर.

म्हणजे चोर पळणं नव्हतं. मला सगळ्यात जास्त उपयोगी पडला तो २०१७मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आलेला एक अभ्यास. पासष्टी ओलांडलेली १६० स्थूल माणसं. काहींना कमी खाणं आणि कार्डिओ, काहींना कमी खाणं आणि वजनं, काहींना कमी खाणं आणि दोन्ही. सहा महिन्यांत तिन्ही गटांचं वजन सारखंच, सुमारे ९ टक्के उतरलं. काट्यावर उभं राहिल्यावर तिघांत काही फरक नाही. पण चरबी सोडून शरीराचा जो ऐवज असतो, तो नुसतं कार्डिओ करणाऱ्यांचा ५ टक्के गेला, नुसती वजनं उचलणाऱ्यांचा २ टक्के आणि दोन्ही करणाऱ्यांचा ३. उठणं, चढणं, उचलणं या रोजच्या कामांत दोन्ही करणारे सगळ्यांच्या पुढे होते. मी माझी दहा महिन्यांची वही काढून बसले. माझं नाव कुठल्या गटात, ते शोधावं लागलं नाही.

आपल्याकडे हे जास्त गंभीर आहे, आणि ते सांगणारं संशोधन आपल्या रास्ता पेठेतलं आहे. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन, या दोघांचं शेजारी शेजारी उभं असलेलं छायाचित्र २००४मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलं. उंची-वजनाच्या हिशोबाचा आकडा, बीएमआय, दोघांचाही २२.३. दिसायला दोघंही सडपातळ. चरबी मात्र युडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या अंगात २१.२ टक्के. युडकिन मॅरेथॉन पळणारे, हाही भाग होताच. पण याज्ञिकांचं म्हणणं त्याहून खोल जातं. पुण्याभोवतीच्या सहा गावांत १९९३पासून त्यांनी गर्भारपणापासूनचा अभ्यास सुरू केला. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधली साडेतीन किलोच्या आसपास. बाळ लहान होतं, पण सगळं सारख्या प्रमाणात लहान नव्हतं. स्नायू फार कमी, चरबी मात्र त्या मानाने जपलेली. बारीक दिसणारं, पण आतून चरबीकडे झुकलेलं बाळ.

हे वाचलं त्या रात्री मला बराच वेळ झोप लागली नाही. आपण जन्मतानाच हात आखडून दिलेली पुंजी घेऊन येतो. तिशीनंतर दर दहा वर्षांनी ३ ते ८ टक्के स्नायू आपोआप जातात, साठीनंतर वेग वाढतो. या ऱ्हासाला सार्कोपेनिया हे नाव अर्विन रोझेनबर्ग यांनी १९८९मध्ये सुचवलं. आणि जेवणानंतर इन्सुलिनच्या हुकमाने रक्तातली जी साखर उचलली जाते, तिचा बहुतांश वाटा स्नायूच उचलतात. साखर आटोक्यात आणायला निघालेली मी साखर साठवायची कोठारंच मोडत होते. आकडा ५.८ झाला होता हे खरं. पण तो पुढची वीस वर्षं कुठे राहील, हे त्या कोठारांवर ठरणार आहे.

'चाला' हा सल्ला अपुरा आहे असं माझं आता स्पष्ट मत आहे. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं दमश्वासाचा व्यायाम सांगते आणि त्याच शिफारशींत किमान दोन दिवस स्नायूंना ताण देणारा व्यायामही सांगते. आपल्या कानांवर पहिला अर्धाच पडतो. बायकांच्या बाबतीत तर दुसरा अर्धा कुणी उच्चारतच नाही. आणि पुण्यात हे व्हावं याचं मला जास्त वाईट वाटतं. या गावाच्या पेठापेठांत तालमी होत्या. माझा मामा सदाशिव पेठेतून पहाटे तालमीत जायचा. जोर, बैठका, मुद्गल, मग लाल मातीत कुस्ती, आणि रविवारी सिंहगड. दम आणि ताकद हे दोन वेगळे विषय आहेत हे त्या पोरांना कुणी शिकवलं नव्हतं, कारण वस्तादांच्या लेखी ते वेगळे नव्हतेच. कॅप्टन शिवरामपंत दामल्यांनी १९२४मध्ये महाराष्ट्रीय मंडळ काढलं, त्यातही हाच विचार. पण तालमीची पायरी आईला किंवा मावशीला चढता आली नाही.

आईला त्याची गरजही नव्हती, असं म्हणावंसं वाटतं. १२ जुलै १९६१ला पानशेत धरण फुटलं तेव्हा ती १७ वर्षांची होती. पुरानंतर नळ बंद पडले आणि वाड्याच्या विहिरीवरून दुसऱ्या मजल्यापर्यंत तिने कितीतरी दिवस पाणी भरलं, एक कळशी डोक्यावर, एक कमरेवर. तिचे दंड मला आठवतात. पुरणयंत्र यायच्या आधी पाट्यावर पुरण वाटताना कोपरापासून खांद्यापर्यंत एक दोर हलल्यासारखा दिसायचा. पण त्या कष्टाचं गुणगान मला करायचं नाही. ते तिने निवडले नव्हते आणि तिची कंबर त्यातच गेली. एवढंच की, ओझं गेलं ते चांगलं झालं आणि ओझ्याच्या जागी आपण काहीच ठेवलं नाही.

मी जिममध्ये नाव घातलं. शिकवणारा मुलगा माझ्या मुलाहून लहान. पहिल्या दिवशी त्याने नुसता १५ किलोचा रॉड जमिनीवरून उचलायला लावला. "मॅडम, कमरेतून वाका, पाठ गोल नको. रॉड नडगीला घासत वर आला पाहिजे." रॉडला मधेमधे खरखरीत दातेरी पट्टा असतो, तळहाताला तो बोचतो. तिसऱ्या आठवड्यात चारही बोटांच्या मुळाशी पिवळसर घट्टे आले. सोमवारी आणि गुरुवारी वजनं, त्या दिवशी टेकडी नाही. मंगळवार, बुधवार, शनिवार तळजाई. पर्वतीच्या पायऱ्या पायांच्या व्यायामाला लागून घ्यायच्या नाहीत, हे दोनदा गुडघे भरून आल्यावर कळलं.

जेवण बदलणं जास्त अवघड गेलं. आपल्या राष्ट्रीय पोषण संस्थेचा २०२०चा आकडा दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम प्रथिनं असा आहे. वाढत्या वयात स्नायू राखायचे तर १ ते १.२ धरावं असं तज्ज्ञ सांगतात. माझ्यासाठी ते रोजचे साधारण ७० ग्रॅम. वाटीभर घट्ट वरणात सहाएक ग्रॅम, आणि आपली आमटी पातळ. पोळीत तीन. सार आणि काकडी यांत जवळजवळ काहीच नाही. म्हणजे मी रात्री उपाशीच झोपत होते, पोट भरलेलं असताना. आता सकाळी दोन अंडी, दुपारी वाटीभर उसळ आणि दही, रात्री पनीर किंवा घट्ट पिठलं, मधे मूठभर शेंगदाणे. पाच महिन्यांत वजन ५९चं ६०.५ झालं. काटा वर गेल्याचा आनंद मला आयुष्यात पहिल्यांदा झाला. पकड २१ झाली. रॉड ४० किलोपर्यंत गेला. स्कूटर लागते आता, उतारावर मात्र अजूनही वॉचमनकाकांना हाक मारते.

याच दिवसांत आईचं लक्षात आलं. ती ८१ वर्षांची आहे, रोज संध्याकाळी बागेत तीन फेऱ्या मारते, आणि आम्हाला वाटायचं तब्येत उत्तम आहे. एके दिवशी न्हाणीघरातल्या बुटक्या स्टुलावरून तिला उठता येईना. हाक मारायचा तिला संकोच वाटला असावा. पाणी गार होईपर्यंत ती तशीच बसून होती. फिजिओथेरपिस्टने तिची उठबस मोजायला घेतली, पण हाताची घडी घालून आईला एकदाही उठता आलं नाही. मग जेवणाच्या टेबलाच्या खुर्चीवर जाडजूड उशी ठेवली. बैठक चार बोटं उंच झाली आणि आई उठली.

"आता या वयात कसली तालीम गं?" आई म्हणाली.

मी तिला बोस्टनची गोष्ट सांगितली. १९९०मध्ये मारिया फियाटारोन या डॉक्टरबाईंनी तिथल्या वृद्धाश्रमातल्या नव्वदीच्या दहा माणसांना मांड्यांसाठी वजनं उचलायला लावली, हलकी नव्हे, चांगली जड. आठ आठवडे. जी नऊ जणं शेवटपर्यंत टिकली, त्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली, आणि मांडीचा स्नायू ९ टक्क्यांनी. आईने सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "दहावा का सोडून गेला?" मला सांगता आलं नाही.

तिच्या डॉक्टरांना विचारून आठवड्यातून तीनदा सुरू केलं. उशीवरून सहा वेळा उठबस, थोडं थांबून परत सहा. श्वास कोंडायचा नाही, उठताना सोडायचा. मी समोर उभी राहते, हात लावत नाही, नुसते पुढे धरते. पाचव्या वेळेला तिचे गुडघे थरथरतात आणि ओठ घट्ट मिटतात. अंडं ती खाणार नाही, पण ताकाऐवजी दही आणि रात्री मुगाचं घट्ट धिरडं तिने मान्य केलं. महिन्याभराने तिच्या हातात किलोभर तांदळाची पिशवी दिली, दिवाळीनंतर दोन किलोची. संध्याकाळच्या फेऱ्या तिने सोडल्या नाहीत. तीनच्या चार झाल्यात.

परवा गुरुवारी मी जिममधून आले तर ती खुर्चीजवळ उभी होती. तांदळाची पिशवी टेबलावर तयार. खुर्चीवरची उशी मात्र तिने काढून सोफ्यावर नेऊन ठेवली होती.

"मोज," ती म्हणाली आणि खाली बसली.